सगळं जागेवर

छाती उघडून पुन्हा शिवली त्याला पन्नास दिवस झाले आणि एक्कावन्नाव्या दिवशी मिस्त्री कामावर आला. तो काही खरा मिस्त्री नव्हे. हॉस्पिटलातले झाडून सगळे संगणक एकट्याने सांभाळायचा आणि खिशात कायम एक पेचकस असायचा, म्हणून कुणीतरी कधीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्याची खोली जिन्याखाली होती. दार ढकललं तसा तापलेल्या प्लास्टिकचा आणि धुळीचा तो नेहमीचा वास आला, आणि हा वास आपल्याला इतका आवडतो हे त्याला वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. खुर्ची तशीच, टेबलावरचा चहाच्या कपाचा गोल डाग तसाच. खोकला येईल असं वाटून त्याने सवयीने उशी शोधली. छाती शिवलेल्या माणसाने खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची असते, नाहीतर जीव टाक्यांतून बाहेर येतो की काय असं वाटतं. उशी घरी राहिली होती. मग त्याने जुन्या जाडजूड वहीलाच मिठी मारली, खोकला, आणि एकटाच हसला. मेलो नाही बाबा. आलो परत. वाटेत जो जो भेटला त्याने एकच सांगितलं होतं, तुम्ही नव्हतात तरी कशाचंच काही अडलं नाही हो! लोक चांगल्या मनानेच सांगत होते, पण दर वेळी त्याला कुठेतरी बारीक टोचत होतं. पन्नास दिवस आपण नव्हतो आणि कुणाचं काही अडलं नाही, हे ऐकायला का माणूस वाचतो? आणि मग त्याने यंत्र सुरू केलं, यंत्राने मागितला तसा नवीन पासवर्ड घातला, यादी उघडली, आणि यादीच्या मधोमध त्याला दिसलं की गडी बंद पडलाय. आज नाही, काल नाही. एक्केचाळीस दिवसांपूर्वी.

गडी हे त्याचंच नाव. दिवसभर पडद्यामागे गुपचूप एक काम करत राहणारा, कुणाला कधी न दिसणारा एक छोटा प्रोग्राम. एक्स-रेच्या यंत्राजवळच्या संगणकात फोटो साठायचे, पण तिथे जागा थोडी, म्हणून चौदा दिवस झाले की जुने फोटो आपोआप पुसले जायचे. त्याआधी ते उचलून तळघरातल्या मोठ्या सामायिक साठ्यात नेऊन ठेवायचं, तारखेवार, एवढंच गड्याचं काम. त्या साठ्याला सगळे कोठार म्हणायचे. मिस्त्रीने बोटांवर हिशेब केला. एक्केचाळीसातून चौदा गेले, सत्तावीस. सत्तावीस दिवसांचे फोटो या जगात कुठेच नाहीत. तो खुर्चीत एकदम सरळ झाला आणि सगळे टाके ओढले गेले. मोडलेली मनगटं, पाणी भरलेली फुप्फुसं, म्हाताऱ्यांचे खुबे, एखाद्या पोराने गिळलेलं नाणं. डॉक्टर विचारणार, आधीचा फोटो कुठंय, बरं होतंय की वाढतंय हे बघायला आधीचा लागतो. आणि आधीचा नाही. का नाही? तर एका माणसाने आळस केला.

कारण हे सगळं त्याचंच पाप होतं, आणि ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षांपूर्वी कोठार नवीन आलं तेव्हाची गोष्ट. गडी ज्या यंत्रात राहतो त्या यंत्रात त्याला कुणी काही विचारत नाही, घरचाच तो. पण तारेपलीकडच्या कोठाराच्या दाराशी गेला की दार विचारतं, तू कोण? तिथे त्याला स्वतःचं नाव लागतं. रीतसर काम म्हणजे गड्याच्या नावाचं वेगळं खातं काढायचं, त्याला फक्त लागेल तेवढीच परवानगी द्यायची. त्यासाठी फॉर्म, फॉर्मवर साहेबांची सही, सहीसाठी आठ दिवस. मिस्त्रीला तर त्याच दिवशी काम संपवून घरी जायचं होतं, धाकटीचा वाढदिवस होता. म्हणून त्याने गड्याला स्वतःचंच नाव दिलं, स्वतःचाच पासवर्ड दिला आणि म्हणाला, तात्पुरतं. तात्पुरतं म्हटलेलं काम जितकं टिकतं तितकं जगात दुसरं काही टिकत नसेल. हॉस्पिटलात दर नव्वद दिवसांनी प्रत्येकाला पासवर्ड बदलावाच लागायचा, तेव्हा तो आपला बदलायचा आणि मग आठवणीने गड्याकडचाही बदलायचा. चार वर्षांत एकदाही चुकलं नाही. या खेपेला नव्वदावा दिवस उजाडला तेव्हा मिस्त्री नाकात नळी घालून छताकडे बघत पडला होता. त्याच्या नावाची मुदत संपली. गडी दाराशी गेला, मालकाचं नाव सांगितलं, दार म्हणालं, या नावाचं आता कुणी चालत नाही. आणि गडी तिथेच बसून राहिला. हे असं होतं बघा. माणूस म्हणत राहतो माझ्यावाचून अडत नाही, माझ्यावाचून अडत नाही, आणि व्यवस्था मात्र अशी करून ठेवतो की त्याच्यावाचून अडावंच.

त्याने कोठार उघडलं. उघडताना डोळे मिटले होते म्हटलं तरी चालेल. आणि उघडून बघतो तर सगळं होतं. एकूण एक दिवस. तारखेवार फोल्डर, एकाखाली एक, मधे एकही भोक नाही. त्याने मोजले, पुन्हा मोजले, एक्केचाळीस. रविवारसुद्धा. जिथे काहीच नसायला हवं होतं तिथे सगळं होतं, आणि हा धक्का पहिल्या धक्क्यापेक्षा मोठा होता. असायला हवं ते नसलं तर माणूस रडतो तरी. असायला नको ते असलं की काय करायचं? क्षणभर त्याला वाटलं, आपण खरोखर त्या टेबलावरच राहिलो आणि हे सगळं गुंगीत चाललंय. पायाची पोटरी दुखली तेव्हा विश्वास बसला. तिथलीच शीर काढून छातीत लावली होती. बावन्न वर्षं पायात मुकाट्याने रक्त वाहणारी शीर, एक दिवस उचलून हृदयाजवळ नेली, तर तिथेही मुकाट्याने वाहू लागली. डॉक्टरने सांगितलं तेव्हा त्याला तिची दया आली होती. मग त्याने फोल्डरच्या यादीत आणखी एक रकाना उघडला, जो सहसा कुणी उघडत नाही. फाइल कुणी ठेवली याचा. चार वर्षं तिथे त्याचंच नाव होतं, खाली खाली खाली. आणि एक्केचाळीस दिवसांपूर्वी ते बदललं होतं. तिथे फिल्मबाईंचं खातं होतं.

फिल्मबाई म्हणजे एक्स-रेच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई. आज त्या पावत्या बघून फोटोचा लिफाफा देतात, पण त्याआधी बावीस वर्षं त्या डार्करूममध्ये होत्या. मिस्त्री नवीन लागला तेव्हा एकदा त्यांनी त्याला आत नेलं होतं. आधी एक दार, ते लावून घेतलं, मग काळोखात दुसरं. आत मिणमिणता लाल दिवा आणि आंबूस औषधाचा वास. "डोळे सरावू द्या, घाई करू नका," बाई म्हणाल्या होत्या. हळूहळू त्याला दिसायला लागलं. चिमट्यांना लटकवून वाळत घातलेल्या फिल्मा, बरगड्या, गुडघे, एका बाळाची अख्खी कवटी, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईने, बाईंच्या हातचं, नाव आणि तारीख. मग संगणक आले. डार्करूम बंद झाली, औषधाच्या टाक्या भंगारात गेल्या, दाराला फळी ठोकली आणि बाईंना खिडकीवर आणून बसवलं. महिन्याभराने त्या जिन्याखाली आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मिस्त्री, ते कोठार का काय ते मला नुसतं बघता येईल का हो? वाळत घातलेलं सगळं आहे ना, हे बघितल्याशिवाय मला घरी जाववत नाही." तो हसला होता. हसला, पण दिलं. फॉर्म नाही, सही नाही. द्यायचं होतं फक्त बघायचं, आणि घाईत त्याने दोन चौकोनांत खूण केली. बघायचं आणि ठेवायचंही. ही दुसरी खूण त्याला आज दिसत होती.

तो उठला, सरळ खिडकीवर जावं म्हणून, आणि फोन वाजला. साहेब. साहेब म्हणजे सगळा कारभार बघणारे, शिस्तीचे, वाईट नव्हेत पण कागदावर जे दिसतं तेच खरं मानणारे. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, रंग बरा दिसतोय म्हणाले. मग एक कागद पुढे सरकवला. कालच तपासणी झाली होती, कुणाला गरजेपेक्षा जास्त परवानग्या आहेत त्याची यादी निघाली होती, आणि पहिल्याच ओळीत फिल्मबाई होत्या. "खिडकीवरच्या बाई," साहेब म्हणाले, "आणि कोठारात जाऊन फाइली ठेवतायत! एक्केचाळीस दिवस, रोज दुपारी दीडला. रविवारी रजा, तरी येऊन. मी बोलावून विचारलं, तर म्हणतात चुकून झालं. एक्केचाळीस वेळा चुकून? तुम्ही आत बघा, काय बदललंय, काय पुसलंय, आणि संध्याकाळपर्यंत मला लिहून द्या. त्यांचं खातं आजच बंद करा. उद्या मी त्यांचा कागद काढतो, असल्या माणसाला रुग्णांच्या फोटोंजवळ ठेवता येणार नाही." आणि मग खुर्चीत मागे टेकून, अगदी मोकळ्या मनाने, ते पुढे म्हणाले, "तुम्हाला खरं सांगू? तुम्ही आडवे झालात तेव्हा मी हे सगळं बाहेरच्या कंपनीला देऊन टाकणार होतो. एका माणसावर किती दिवस चालवायचं? पण पन्नास दिवसांत काहीसुद्धा बंद पडलं नाही! म्हटलं, याने बसवलेली घडी पक्की आहे. राहू दे." मिस्त्रीचं तोंड उघडलं. आत सगळं तयार होतं, जिभेवर होतं. आणि तो म्हणाला, "बघतो, साहेब." बघतो! दाराबाहेर आल्यावर त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. भिंतीला हात टेकून तो उभा राहिला. एक मदतनीस धावत आली, चक्कर येतेय का विचारायला. नाही, नाही, तो म्हणाला, असंच. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. आज सगळे त्याच्याशी असे वागत होते की त्याला धड लाजताही येईना.

भीती ही काय चीज आहे याचा विचार करत तो तिथे बसला. ऑपरेशनच्या आधी, सही करताना, तो भ्याला नव्हता. शंभरातले दोन जातात, असं डॉक्टरने सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, अठ्ठ्याण्णवांत बसवा. आणि आता, जिवंत असताना, शिवलेला, धडधडता, एका टेबलासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. नोकरी जाईल म्हणून. जिन्याखालची ती खोली आणि तो वास जाईल म्हणून. धाकटीची अजून दोन वर्षं शिकायची राहिलीत म्हणून. सगळी कारणं खरी होती. आणि तिकडे त्या खिडकीत एक बाई लिफाफे देत बसली होती, जिचं उद्या सकाळी सगळं जाणार होतं.

खिडकीवर रांग नव्हती. फिल्मबाईंनी त्याला चष्म्यावरून पाहिलं आणि आधी स्टूल पुढे ओढलं. "बसा. उभं राहून बोलायचं नाही, टाके ओले असतील अजून."

"बाई, तुम्ही काय केलंत हे?"

"काय केलं? लिफाफे दिले. गेल्या महिन्यात एकही चुकला नाही."

"बाई."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "संध्याकाळी निघताना बघितलं तर त्या दिवसाचं काहीच नाही. रिकामं. वाळत घालायची दोरी रिकामी दिसावी तसं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. म्हटलं, मिस्त्रींचं काहीतरी अडलंय. सांगणार कुणाला? साहेब त्याच दिवसांत बाहेरच्या कंपनीच्या माणसांना घेऊन तुमच्या खोलीत फिरत होते, इथे खिडकीसमोरून गेले. कुणी एक जरी म्हणालं असतं ना की बंद पडलंय, तर तुमची खुर्ची दुसऱ्या दिवशी जिन्याबाहेर असती. मग मी एक फोल्डर धरून इकडून तिकडे ओढून पाहिला. गेला! मला काय ठाऊक मला जमतं ते. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत रोज. एका हाताने डबा, एका हाताने उंदीर." संगणकाच्या माऊसला त्या उंदीरच म्हणायच्या.

"आणि रविवारी?"

"रविवारी माणसं पडत नाहीत? हाडं मोडत नाहीत? एखादा दिवस मागे राहिला की दुसऱ्या दिवशी विसरतो माणूस. डार्करूममध्ये मी कधी उद्यावर ठेवलं नाही." त्या थांबल्या. "आता तुम्ही काही बोलायचं नाही. मी चुकून झालं म्हणून सांगितलंय, तेच खरं. माझी तीन वर्षं राहिलीत. घरी एक बहीण, दोघींचं भागतं. तुमचं तसं नाही."

"बाई, ते तुम्हाला काढून टाकणार आहेत."

"मग काय झालं? वाचलात ना तुम्ही?" असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाची पावती घेतली, कारण रांग सुरू झाली होती.

डॉक्टरने अर्धाच दिवस काम करायला सांगितलं होतं. मिस्त्री अंगणातल्या बाकावर येऊन बसला आणि बायकोला फोन लावला, न्यायला कधी येतेस विचारायला. विचारलं मात्र भलतंच. "मी तिथे पडलो होतो तेव्हा फिल्मबाईंचा कधी फोन आला होता का गं?"

"कधी काय? रोज!" बायको म्हणाली. "दीड वाजून गेला की आलाच. कसे आहेत विचारायच्या. मी सांगायची, आज नळी काढली, आज दोन पावलं चालले, आज माझ्यावर ओरडले. आणि ठेवताना दर वेळी एकच, इकडचं सगळं जागेवर आहे एवढं त्यांना सांगा. मी सांगत नव्हते का तुम्हाला रोज? तुम्हीच तोंड फिरवायचात."

फिरवायचा खरा. त्याला ते आठवलं, आणि आठवताना उन्हात बसूनही अंगावर काटा आला. चादरीला जंतुनाशकाचा वास, डाव्या हाताला सुई, घशात कोरड. बायको फोन ठेवून आत यायची, त्याच्या ओठांवर कापसाचा ओला बोळा फिरवायची आणि म्हणायची, तिकडचं सगळं जागेवर आहे म्हणे. आणि त्याला राग यायचा. असा राग, की तो भिंतीकडे वळायचा, वळताना टाके ओढले जायचे आणि त्या दुखण्याचाही राग यायचा. वाटायचं, मेलो तरी यांचं सगळं जागेवरच. एकदा तर तो बायकोला म्हणाला होता, त्यांना सांग, जागेवर असेल तर रोज कळवायची गरज नाही. रोज दीड वाजता, जी बातमी त्याला सगळ्यांत जास्त बोचत होती, ती कुणीतरी डबा बाजूला सारून, एकेक दिवस हाताने उचलून, त्याच्यासाठी खरी करत होतं. आपोआप काहीच जागेवर नव्हतं. जगात आपोआप जागेवर असं काही नसतंच बहुतेक. कुणीतरी ठेवतं. त्याच्या ओठांवर फिरणारा बोळाही कुणीतरी दर अर्ध्या तासाने भिजवून आणत होतं, त्याची नखं कापत होतं, बाहेर बाकावर बसून झोपत होतं, आणि तो छताकडे बघून मोजत होता की आपल्यावाचून किती जणांचं अडतंय.

"हॅलो? आहात का?" बायको म्हणाली. "छातीत काही होतंय का?"

"होतंय," तो म्हणाला, "पण ते नव्हे. घाबरू नकोस. ऐक, तुला कधी म्हटलं नाही मी. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

मग ती म्हणाली, "अहो, कुणी डॉक्टर आहे का तिथे जवळपास? त्यांना द्या बघू फोन." तो इतका हसला की छातीशी धरायला काही सापडेना, शेवटी दोन्ही हातांनी स्वतःलाच धरलं. मग तिला म्हणाला, तासाभराने ये, एक काम राहिलंय.

साहेब जेवायला निघाले होते. मिस्त्रीने उभ्याउभ्याच सांगितलं. गडी, त्याचं नाव, स्वतःचा पासवर्ड, चार वर्षं, धाकटीचा वाढदिवससुद्धा. कुठे थांबला तर पुढे जमणार नाही असं वाटून तो थांबलाच नाही. बाईंनी काही बदललं नाही, काही पुसलं नाही, गेल्या चौदा दिवसांचे दोन्हीकडचे फोटो एकेक ताडून बघा, त्यांनी हाताने एक्केचाळीस दिवस उचलले म्हणून आज ते आहेत. त्यांच्याकडची जास्तीची परवानगीही माझीच चूक. ही चूक मी केली नसती तर सत्तावीस दिवसांचे फोटो गेले असते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे मघाशी का नाही बोललात?"

"भ्यालो."

"आणि आता?"

"आताही भीती वाटतेय, साहेब."

साहेबांनी टेबलावरचा तपासणीचा कागद पुन्हा जवळ ओढला. कागदावर नसलेली गोष्ट खरी मानायची त्यांना सवय नव्हती, आणि ती त्यांना जड जात होती हे दिसत होतं. शेवटी म्हणाले, "आत्ता सांगितलंत तेच लिहून द्या, तुमच्या हाताने. सेवापुस्तकात शेरा येणार. बाहेरच्या कंपनीचा माणूस दर तीन महिन्यांनी येऊन तुमचं काम तपासून जाणार, तुमच्या शेजारी बसून. चालेल?" चालेल, मिस्त्री म्हणाला. त्याला ते झोंबलं, पण चालेल. साहेबांनी बाईंच्या कागदावर आडवी रेघ मारली आणि कोपऱ्यात लिहिलं, चौकशीची गरज नाही. लिहिता लिहिता, वर न बघता, पुटपुटले, "रविवारीसुद्धा आल्या म्हणे. आमच्याकडे सोमवारी यायला कुरकुरतात लोक." मग खणातून एक फॉर्म काढून त्याच्यापुढे टाकला. नवीन खातं काढण्याचा. सही करायला त्यांना पाव मिनिट लागलं. चार वर्षांपूर्वी आठ दिवस लागतील असं मिस्त्रीला का वाटलं होतं, कुणास ठाऊक. त्याने तेव्हा विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला फिल्मबाई जिन्याखाली आल्या. येताना डबा बरोबर. त्या रागावल्या होत्या. "सांगितलं होतं ना बोलू नका म्हणून? शेरा घेतलात ना ओढवून? आणि तो परका माणूस शेजारी बसवून घेणार!" ऐकून घेणं भागच होतं. मिस्त्रीने त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं, स्वतः स्टूल घेतलं, आणि म्हणाला की गड्याला आज स्वतःचं नाव द्यायचंय, माणसाचं नको, म्हणजे कुणी आजारी पडलं तरी चालेल. काय देऊ? बाई म्हणाल्या, मला काय विचारता. मग त्यानेच टाइप केलं, डार्करूम. बाई त्या शब्दाकडे बघत राहिल्या. "म्हणजे उघडली म्हणायची पुन्हा," त्या म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता.

त्याने गड्याला कोठाराची परवानगी दिली, सुरू केला, आणि गडी पुन्हा दाराशी अडला. प्रवेश नाही. मिस्त्रीचा हात सवयीने स्वतःच्या नावाकडे गेला. नुसतं एकदा घालून बघावं, तात्पुरतं. तो हात त्याने तसाच मागे घेतला. "असं का करतोय हा? आत सोडलं की मी."

"आत म्हणजे कुठपर्यंत?" बाईंनी विचारलं.

"कोठाराच्या दारातून."

"आणि फोटोंच्या खोलीचं दार? आमच्या डार्करूमला दोन होती. बाहेरचं उघडलं म्हणजे आतलं उघडत नसे."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. बाहेरच्या दारावर परवानगी दिली होती, आतल्या फोल्डरवर द्यायची राहिली होती. तीस वर्षं हेच काम करतोय! त्याने ती दिली. मग बाईंच्या नावापुढची ती दुसरी खूण काढायची होती, ठेवायची. बघायची राहणार होती, आता रीतसर फॉर्मवर सही होऊन. त्याचं बोट उचलेना. एका चुकून पडलेल्या खुणेने आपल्याला वाचवलं, ती आपणच पुसायची?

"सरका," बाई म्हणाल्या. "माझी मी काढते." त्यांनी उंदीर हातात घेतला, नेम धरून खूण काढली आणि सुस्कारा सोडला. "सुटले बाई! रविवारी झोपता येईल."

एकच गोष्ट राहिली होती. मिस्त्री बसलेला असताना गडी नीट चालतोय की नाही हे कळत नाही. यंत्र त्याला ओळखतं, त्याच्या ओळखीवर बरंच काही चालून जातं. खरी परीक्षा तो उठून गेल्यावर. त्याने स्वतःला बाहेर काढलं, पडदा काळा झाला, दिवा मालवला, दार ओढून घेतलं, आणि दोघं अंगणातल्या बाकावर जाऊन बसली. बाईंनी डबा उघडला आणि अर्धा त्याच्यापुढे ठेवला. दोन्ही हातांनी सावकाश जेवल्या. उबदार ऊन होतं, समोर कुणाच्या तरी पायाचं प्लास्टर काढून आणलं होतं आणि तो माणूस पाय पुन्हा पुन्हा टेकवून बघत होता. मिस्त्रीही बघत राहिला. प्रत्येक घास गिळताना त्याला छातीत बारीक ओढ लागत होती आणि ती ओढसुद्धा त्याला हवीशी वाटत होती. बाई डबा बंद करून खिडकीवर गेल्या आणि तिथल्या संगणकावर, नुसतं बघायच्या परवानगीने, कोठार उघडलं. मिस्त्री मागून आला. आजच्या तारखेचा फोल्डर होता. आत सगळे फोटो होते, आणि कुणी ठेवले त्या रकान्यात ना त्याचं नाव होतं, ना त्यांचं.

बाईंनी घड्याळात पाहिलं. दीड वाजून गेला होता. त्यांनी फोन उचलला आणि पाठ असलेला नंबर फिरवला.

"हॅलो, मीच बोलतेय. इकडचं सगळं जागेवर आहे." मग त्या ऐकत राहिल्या, ऐकता ऐकता मिस्त्रीकडे वळून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, वाळत घातलेली फिल्म उजेडात धरून तपासावी तसं.

"हो," त्या म्हणाल्या, "तेही."